काढल्याची तारीख

चार हजार एकशे अकरा फोटो
आणि सगळ्यांची तारीख एकच:
एक जानेवारी दोन हजार तीन.
जुलैतली समुद्रावरची सहल, रात्री बारा वाजून सात मिनिटं.
तुझ्या बहिणीचं लग्न, त्याआधी दोन मिनिटं.

बॅटरी बाहेर काढली की तुझ्या कॅमेऱ्याचं घड्याळ
जन्मदिवशी परत जाऊन बसायचं,
आणि तू, एंडेल, ते कधी लावलं नाहीस.
बस मात्र मिनिटाला सोडायचास,
कार्दलाहून सहा चाळीसला,
लेइली मागून धावत येताना दिसली तरी.
एकदाच थांबलास. तिच्या काखेत कोंबडी होती.

शेजारचा रास्मुस म्हणतो, सोपं आहे,
फाइलला तीन तारखा असतात:
काढल्याची, ठेवल्याची, बदलल्याची.
काढल्याची तुमची खोटी, तर ठेवल्याची बघा.
बघितली.
सगळेच्या सगळे सतरा नोव्हेंबर, दुपार.
मीच ओतले होते ते या कॉम्प्युटरात,
तुला पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी,
पाहुण्यांनी उरवलेलं बटाट्याचं सॅलड
उभ्या उभ्या खात.

मग यंत्राचा नाद सोडला.
कुत्र्याच्या तोंडावरून लावत गेले.
मुरीचं नाक काळं, तो पहिला ढीग.
हनुवटी पिठात बुडवल्यासारखी, तो मधला.
एक डोळा दुधाळ, तो शेवटचा.
मुरी नसेल तिथे कुंपण:
हिरवं, मग तपकिरी, मग रंगच नाही.
कुंपणही नसेल तिथे तुझा स्वेटर.
कोपरावर राखाडी ठिगळ आधीचं, निळं नंतरचं.
राखाडी लोकर संपली होती,
हे कुठल्या फाइलीत लिहिलेलं असणार?

समुद्र गोठून रस्ता झाला त्या हिवाळ्यात
आपण बर्फावरून गाडी नेली, थेट पलीकडच्या किनाऱ्याला.
पट्टा बांधायचा नाही, असा तिथला नियम,
बर्फ फुटलाच तर बाहेर पडता यावं म्हणून.
आयुष्यभर पट्टा बांधलेला माणूस तू,
कसनुसा झालास.
एक हात चाकावर, दुसऱ्यानं माझा दंड धरलेला,
इतका घट्ट की आठवडाभर बोटं उमटली होती.
त्याचा फोटो नाही.
आहे तो पोचल्यावरचा. टायरचा. नुसत्या टायरचा.

एक हिवाळा कुठेच सापडत नाही,
तू खालच्या खोलीत झोपायचास तेव्हाचा.
कशावरून बिनसलं ते आठवत नाही.
आठवतं, पण राहू दे.
फोटो तू काढायचास, दिवस दोघांनी काढले,
आणि दिवस काढताना
कुणी कॅमेरा शोधत नाही.

काल रात्री एक जास्तीचा निघाला,
चार हजार एकशे बारावा.
बारा सप्टेंबर दोन हजार एकतीस.
म्हणजे एकदा तू घड्याळ लावायला गेला होतास तर!
बटणं बारीक, बोटं तुझी ती तशी,
गेलास पुढच्या पुढे.
जंगलाच्या कडेला उभा आहेस, टोपलीत पिवळी अळंबी,
तोंड उघडं, काहीतरी सांगतोयस मला.
मीच काढला असणार,
कोपऱ्यात माझा अंगठा आलाय.

तारखेनं लावलं की तो सगळ्यांच्या शेवटी जातो,
दफनाच्या पुढे, सॅलडच्या पुढे,
आज संध्याकाळच्याही कितीतरी पुढे.
रास्मुस म्हणाला, दोन क्लिकचं काम, आत्ता दुरुस्त करतो.
म्हटलं, आधी कॉफी घे.
कॉफी झाली, केक झाला,
त्याच्या आईच्या गुडघ्याचं झालं,
आणि तो गेला.

मुरीचं नाक त्यात काळंभोर आहे.
म्हणजे पहिला ढीग, कळतं मला.
हलवेन कधीतरी.
टोपली तेवढी माळ्यावरून खाली काढली,
धुऊन दाराशी उपडी ठेवली आहे.